ब्लॉली म्हणजे मक्याची पेज

"मिठागरात पायांना काय व्हायचं गं?" असं आत्याला विचारलं तेव्हा ती अंबाडीची भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय नाय व्हायचं ते इचार." मग तिनं पाय पुढे केले. दोन्ही घोट्यांच्या वर जुने, पांढरट, खोलगट व्रण. हे पाय मी लहानपणापासून बघत आलेय, पाया पडताना हात तिथेच लागतो, पण व्रण कशाचे हे कधी विचारलं नव्हतं. "खारं पानी," ती म्हणाली. "चिरेत गेलं का हाडापोतर जातं."

मी पिशवीतून कागद काढला आणि तिथल्या तिथे एक ओळ खोडली. 'पायांवर भयंकर गळवे उठत व ती अस्थीपर्यंत पोहोचत' असं मी आदल्या रात्री भाषांतरात लिहिलं होतं. अस्थी! अस्थी आपण विसर्जनाला नेतो. पाण्यात उभं राहून राबणाऱ्या बाईला हाड असतं.

त्या बाईचं नाव मेरी प्रिन्स. आत्याच्या दीडशेएक वर्षं आधी, 1788 च्या सुमारास, बर्म्युडा बेटावर गुलाम आईबापांच्या पोटी जन्मली. बाप लाकूड कापणारा करवत्या, आई घरकामाला. दोघांचे मालक वेगळे. पुढे विकली जात जात ती टर्क्स बेटांवरच्या मिठागरात, मग अँटिग्वा बेटावर आणि शेवटी लंडनला पोचली. तिथे तिनं आपली कहाणी सांगितली आणि 1831 मध्ये ती छापून आली. गुलामीत जगलेल्या काळ्या स्त्रीचं ब्रिटनमध्ये छापलेलं हे पहिलं आत्मकथन.

आमचा सहा जणींचा वाचनगट आहे, पनवेलात, दर बुधवारी. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे "तू इंग्रजीची, तू कर" म्हणून भाषांतराचं काम माझ्या गळ्यात पडलं. मूळ कहाणी एका बैठकीत वाचून होते. मला वाटलं, मे महिन्याच्या सुट्टीत उरकेल. दोन वर्षं लागली.

पहिली ठेच सुरुवातीलाच. ती स्वतःला 'स्लेव्ह' म्हणवते, त्याला मराठीत काय म्हणायचं? गुलाम म्हटलं की आपल्याला आधी पत्त्यातला गुलाम दिसतो, शिवाय तो पुरुष. दासी म्हटलं की जनाबाई उभी राहते, दळता कांडता विठ्ठल मदतीला येणारी. आमच्याकडे दासी या शब्दाला बुक्का आणि तुळशीचा वास आहे, त्यात चाबूक बसत नाही. बटीक नेमका शब्द, पण आज ती शिवी झालीय. कुणबीण हा पेशवाईच्या कागदांतला शब्द, विकत घेतलेल्या बाईसाठी वापरलेला, पण तोच कुणबी समाजातल्या बाईचाही. आमच्या गटात दोघी कुणबी आहेत, त्यांच्यासमोर मी तो उच्चारला आणि खोली गप्प झाली.

त्या गप्प खोलीत एकजण म्हणाली, "आपल्याकडे असं माणसं विकणं नव्हतंच ना पण." होतं. पेशव्यांच्या दफ्तरात कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. आणि इंग्रजांनी 1833 मध्ये गुलामी रद्द करणारा जो कायदा केला, त्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख चक्क वगळला होता. मेरीच्या अँटिग्वातले गुलाम 1 ऑगस्ट 1834 ला सुटले. आपल्याकडे त्यासाठी 1843 चा कायदा यावा लागला. मी हे सांगितल्यावर चहा आला आणि विषय बदलला. असो.

शेवटी मी गुलाम हाच शब्द ठेवला, स्त्रीलिंग न करता. जिथे जमेल तिथे शब्दच टाळून घडलेलं लिहिलं: विकली, घेतली, भाड्यानं दिली. 'ती कोण होती' यापेक्षा 'तिचं काय केलं' हे मराठीत सरळ येतं.

मालक या शब्दानं तर छळलं. मेरीच्या तोंडी मालक, मालकीण पानोपानी. आणि आमची आत्या आपल्या नवऱ्याचा उल्लेख आजही 'मालक' असाच करते. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. गटात वाचताना एकीला खरंच वाटलं की मेरीचं लग्न झालंय. मी 'धनी' करून पाहिलं, तेही नवऱ्याचंच. 'साहेब' फार कचेरीतलं. मालकच ठेवलं. होऊ दे गोंधळ, तो गोंधळ भाषेतलाच आहे, माझा नाही.

विक्रीच्या दिवसाचं प्रकरण मात्र आपोआप मराठीत उतरलं. मेरी बारा वर्षांची. मालकाला पैसे हवेत म्हणून तिला आणि हॅना, डायना या दोन बहिणींना विकायचं ठरलं. आई सकाळी उठून पोरींना नवे जाडेभरडे कपडे चढवते आणि म्हणते, मी माझ्या लेकरांना कफन नेसवतेय. मग म्हणते, पिल्लांना बाजारात न्यायचंय. मुलांना पिल्लं म्हणणारी आई मराठीत शोधावी लागत नाही. बाजारात थोरली म्हणून मेरी आधी. रस्त्याच्या मधोमध उभी करून अनोळखी पुरुष तिला चाचपतात, खाटीक वासरू चाचपतो तसं. 57 पौंडांना गेली. एवढ्या लहान पोरीला ही किंमत भारी, असं तीच सांगते. बहिणी वेगवेगळ्या घरी गेल्या. हे पान मी एका संध्याकाळी केलं आणि नंतर आठवडाभर वहीला हात लावला नाही.

नव्या घरात हेटी नावाची बाई होती. मेरीला तिथे माया लावणारी तीच एक. एक गाय दावं सोडून सुटली, एवढ्यासाठी मालकानं गरोदर हेटीला झाडाला बांधून रक्तबंबाळ होईस्तो मारलं. मूल मेलेलं जन्मलं. थोड्या दिवसांनी अंगावर सूज येऊन हेटीही गेली आणि तिची सगळी कामं मेरीच्या अंगावर आली. एवढंच सांगते, पुढचं ज्यानं त्यानं वाचावं.

तर मीठ. बर्म्युडाचे लोक टर्क्स बेटांवर जाऊन समुद्राचं पाणी बांध घालून अडवत, उन्हात आटवत आणि मीठ जहाजांनी उत्तर अमेरिकेला पाठवत. ते मासळी खारवायला जाई, आणि खारवलेल्या मासळीतला हलका माल परत वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर गुलामांना खायला येई. मेरी तिथे सुमारे दहा वर्षं होती. पहाटे चारला गुडघाभर पाण्यात. हातात फावडं आणि अर्धं कापलेलं पिंप. नऊला उकडलेला मका, तोही घाईघाईनं गिळायचा, कारण पाऊस आला तर मीठ विरघळेल. दुपारी बाराला पुन्हा मक्याचं पातळ काहीतरी, मग अंधार पडेपर्यंत काम. शेवटी मिठाच्या राशी लावायच्या आणि समुद्रावर जाऊन अंगावरचं खारं धुवायचं, फावडी धुवायची.

या दीड पानाचे मी चार खर्डे केले आणि चारही मेलेले. शब्द बरोबर होते, पण लिहिणारी बाई पाण्यात कधी उतरलेली नाही हे कळत होतं. खरं तर मी आगऱ्याची पोर, उरणजवळच्या गावची. आजा, आजी, आत्या, सगळे मिठावर राबलेले. पण बंदर आलं, जमिनी संपादनात गेल्या, आमच्या गावचं आगर बुजलं, आणि मी शाळेत प्रमाण मराठी शिकून मास्तरीण झाले. म्हणून पाचव्या खर्ड्याला आत्याकडे गेले.

मी तिला वाचून दाखवलं. ती मधेमधे तोडत होती. मी लिहिलं होतं, 'पावसाच्या भीतीने आम्हाला भरभर खावे लागे.' ती म्हणाली, भीती काय, आभाळ काळं दिसलं की जेवण टाकून पळायचं, महिन्याची मेहनत एका सरीत पाणी होते. मी लिहिलं होतं, 'सूर्य डोक्यावर अग्नीप्रमाणे तळपे.' ती म्हणाली, "वरचं ऊन सोसतं गं. खालचं नाय सोसत." मिठावरून ऊन उलटं फिरतं, तोंडावर येतं, डोळे जातात. हे मेरीच्या मजकुरात नाही, त्यामुळे घेता आलं नाही; पण ते कळल्यावर पुढचं वाक्य कसं लिहायचं ते सुचलं.

मग ब्लॉली. दुपारच्या त्या मक्याच्या जेवणाला मेरी हे नाव देते. मी शब्दकोश धुंडाळले, तळटीप लिहिली, तळटीप लांबत गेली. आत्यानं विचारलं, "मका शिजवून पातल केलेला ना? मंग पेज." झालं. एकदा 'ब्लॉली' लिहून पुढे सगळीकडे पेज केलं. तळटीप फाडली.

रात्री झोपायला लांबच लांब पडवी, गोठ्यात गुरांसाठी करतात तसे अरुंद कप्पे, आणि जमिनीत ठोकलेल्या खुंटांवर नुसत्या फळ्या. रविवारी मिठाची पोती धुवून झाली की या लोकांनी गवत कापून आणायचं, त्याच्या मऊ गुंडाळ्या करायच्या आणि पायांखाली घ्यायच्या. फोडांमुळे उघड्या फळीवर पाय टेकवत नसत. हे वाचलं तेव्हा आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आम्ही जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायचो, गोडं तेल लावून. आणि लगेच: "आमाला मजुरी व्हती पन. तिला?"

तिला नव्हती. मी ही तुलना ताणत नाही. आत्या संध्याकाळी घरी जात होती, तिचं घर होतं, तिच्या पोरी तिच्याच होत्या. मिठाचं पाणी दोघींना सारखंच चावलं, बाकी काही सारखं नाही. याच बेटावर डॅनियल नावाचा लंगडा म्हातारा होता; कामात मागे पडला म्हणून त्याला काट्याच्या फोकांनी सोलत आणि उघड्या जखमांवर बादलीभर खारं पाणी ओतत. हे मी आत्याला वाचून दाखवलं नाही.

दहा वर्षांनी मिठागरावरचा तिचा मालक तिला बर्म्युडाला परत घेऊन गेला. त्याला एक घाण सवय होती: नागडा होऊन टबात बसायचं आणि मेरीला अंघोळ घालायला लावायचं. हे फटक्यांहून वाईट, असं ती म्हणते. शेवटी तिनं सरळ सांगितलं की तुम्हाला लाज नाही, आणि पुढे आपल्याला दुसऱ्याकडे कामाला जाऊ द्यावं असं मागितलं. भाषांतराचा हा भाग एका दिवाळी अंकाला दिला होता. संपादकांचा फोन आला: मीठ छान आहे, टबाचं तेवढं काढता का, अंक घरात सगळे वाचतात. मी नाही म्हटलं. अंकात माझं नाव नव्हतं, जागेवर उटण्यांचा इतिहास होता. राग आला, आता नाही. बरंच झालं म्हणते, कारण पुढे माझ्या लक्षात आलं की असं 'तेवढं काढणं' मेरीच्या वाट्याला पहिल्यापासूनच आलेलं आहे.

ती कहाणी तिनं लिहिलेली नाही, सांगितलेली. लिहून घेतली सुझॅना स्ट्रिकलंड या तरुण बाईनं आणि साफसूफ केली थॉमस प्रिंगल यांनी, गुलामीविरोधी संस्थेचे सचिव, ज्यांच्या घरी मेरी तेव्हा कामाला होती. शक्यतो तिचेच शब्द ठेवलेत, पाल्हाळ आणि ठळक व्याकरणाच्या चुका काढल्यात, असं प्रिंगल प्रस्तावनेत सांगतात. म्हणजे मी तिसरी. तिनं नक्की काय आणि कसं म्हटलं, ते दोन चाळण्यांतून गाळून माझ्याकडे आलेलं.

मधेच मला हुक्की आली होती की सगळं आगरी बोलीत करावं. दहा पानं केलीही. गटात वाचली तर दोघी हसल्या, वाईट हेतूनं नाही, पण हसल्या. बोली ऐकली की आपल्याकडे विनोदी नाटकाची सवय. आणि मलाही ते खोटं वाटायला लागलं, बर्म्युडाच्या बाईला उरणची साडी नेसवल्यासारखं. फाडून टाकलं. घरी बोलतो तसं साधं मराठी ठेवलं.

नावांची आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर. छळणाऱ्या दोन मालकांची पूर्ण नावं पुस्तकात नाहीत; पहिलं अक्षर आणि पुढे रेघ. माणसं मेलीत, त्यांच्या निरपराध नातेवाइकांना दुःख नको, म्हणून प्रिंगल यांनी ती झाकली. अभ्यासकांनी ती पुढे शोधून काढली: जॉन इंगम आणि रॉबर्ट डॅरेल. मराठीत रेघ ठेवू की नावं घालू? रेघ ठेवली आणि खाली नावं दिली. ती झाकली होती हेही दिसायला हवं.

अँटिग्वाचा भाग सोपा गेला, कारण तिथली मेरी ओळखीची वाटते. जॉन वुड नावाच्या माणसानं तिला 300 डॉलरला घेतलं. संधिवातानं अंग धरलेलं, तरी मालक गावाला गेले की ही लोकांचे कपडे धुणार, कॉफी आणि कंदमुळं विकणार, जहाजावर डुक्कर स्वस्तात घेऊन किनाऱ्यावर दुप्पट भावानं विकणार. सगळं कशासाठी, तर स्वतःलाच विकत घ्यायचं. गाठीशी पैसे जमले. वुड विकायला तयार नाही. मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या बायकांनी तिला अक्षरं शिकवली. 1826 च्या नाताळात डॅनियल जेम्स या गुलामीतून मोकळ्या झालेल्या सुताराशी तिनं लग्न केलं. मालकाला विचारलं नव्हतं, म्हणून घोड्याच्या चाबकानं मार खाल्ला.

1828 मध्ये वुड कुटुंब तिला लंडनला घेऊन गेलं. इथला पेच मला गटाला समजावताना घाम फुटला. इंग्लंडच्या जमिनीवर तिला कोणी जबरदस्तीनं परत नेऊ शकत नव्हतं. पण ती आपणहून अँटिग्वाला गेली, तर पुन्हा गुलाम. आधीच्याच वर्षी, 1827 मध्ये, ग्रेस नावाच्या अँटिग्वाच्याच बाईच्या खटल्यात लॉर्ड स्टोवेल यांनी तसा निकाल दिला होता. म्हणजे लंडनमध्ये मोकळी आणि एकटी, नाहीतर नवऱ्याजवळ आणि गुलाम. वुडनं लेखी मुक्ती द्यायला साफ नकार दिला. कपड्यांचे ढीग धुवून हातपाय सुजलेली मेरी एक दिवस पेटी घेऊन बाहेर पडली, त्या घरी बूट पुसायला येणाऱ्या माणसानं आणि त्याच्या बायकोनं तिला ठेवून घेतलं. बूटपॉलिशवाल्याचं घर! मला हे वाक्य लिहिताना फार बरं वाटलं.

पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीला एक पत्र जोडलंय, 28 मार्च 1831 चं. बर्मिंगहॅमच्या बायकांच्या गुलामीविरोधी मंडळानं विचारणा केली होती की अंगावर माराच्या खुणा खरोखर आहेत का. प्रिंगल यांच्या पत्नी मार्गारेट कळवतात: आहेत, संपूर्ण पाठभर, चौकटी चौकटी पडल्यासारख्या. खात्रीसाठी आणखी तिघींना पाहायला बोलावलं होतं, त्यात लिहून घेणारी सुझॅनाही होती. चार बायका आणि मध्ये उघडी पाठ. आमच्यातली एक म्हणाली हे पत्र नको, कहाणी पुरेशी आहे. मी हट्टानं घेतलं. कहाणी पुरेशी धरली गेली नव्हती, म्हणूनच तर ते पत्र.

आणि तेवढं करूनही 1833 मध्ये वुडनं प्रिंगल यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि जिंकला. 25 पौंड नुकसानभरपाई. मेरीला साक्षीला उभं केलं. लग्नाआधी ॲबट नावाच्या एका कप्तानाबरोबर आपण सात वर्षं होतो, असं तिनं कोर्टात सांगितलं, आणि हेही की हे मी मिस स्ट्रिकलंडना सांगितलं होतं. पुस्तकात त्याचा मागमूस नाही. 'तेवढं' काढलेलं. त्याच वर्षी गुलामी रद्द करणारा कायदा झाला, त्यात मालकांना भरपाई 2 कोटी पौंड, गुलामांना काही नाही. त्या खटल्यापुढे मेरी कुठल्या कागदात भेटत नाही. 2012 मध्ये बर्म्युडानं तिला राष्ट्रीय नायक म्हणून मान दिला.

ॲबटचा मजकूर मी शेवटी वेगळं पान करून घातला, कोर्टात सांगितलेला म्हणून. गटात त्यावर दोन बुधवार भांडण झालं.

आम्ही चाळीस प्रती काढल्या, स्पायरल बांधून, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे. टाइप करणाऱ्या मुलानं सगळीकडे 'मिठागर'चं 'मिठाघर' केलं होतं. त्याला वाटलं माझंच चुकलंय. प्रती बांधून झाल्यावर दिसलं. पेन घेऊन बसले, प्रत्येक प्रतीत अकरा जागा. एकतिसाव्या प्रतीपर्यंत दुरुस्त केलं, मग हात दुखायला लागला. उरलेल्या नवांपैकी एक आत्याकडे आहे.